एचपी जास्त म्हणजे ओढ जास्त?

'जितका एचपी जास्त, तितका ट्रॅक्टर नांगर जोरात ओढणार' हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. शेती अवजारांच्या जाहिराती लिहिणं हे माझं काम. हा समज पसरण्यात आमच्या मोठ्या अक्षरांतल्या आकड्याचाही हात आहे, म्हणून हा खुलासा.

एचपी ही इंजिनाची ताकद. गिअरमधून चाकापर्यंत पोचताना ती थोडी घटते; पीटीओवर, म्हणजे रोटाव्हेटरसारखी अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, मिळणारा एचपीही इंजिनापेक्षा कमीच असतो. पण खरी गोम पुढे आहे. नांगरताना ओढ ठरते ती टायर आणि मातीच्या पकडीवर, आणि पकड चाकांवर येणाऱ्या वजनावर. ट्रॅक्टर हलका असेल तर जादा एचपी चाक जागच्या जागी फिरवण्यात, म्हणजे नुसतं डिझेल जाळण्यात जातो.

तपासणं सोपं आहे. मागच्या टायरवर खडूने खूण करा. नांगर उचललेला ठेवून चाकाचे १० फेरे होऊ द्या आणि अंतर मोजा. मग त्याच शेतात नांगर मातीत घालून पुन्हा १० फेरे. आधी ४५ मीटर आणि आता ३६ भरले, तर घसरण २० टक्के. साधारण ८ ते १५ टक्के चालते. त्याहून जास्त दिसली, तर मोठा ट्रॅक्टर बघण्याआधी वजन आणि टायरमधली हवा बघा.