हेडलाइट लागतो, हॉर्न वाजतो, मग सेल्फ का लागत नाही?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी आमची १२ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक पूजेसाठी साफ करायला घेतली. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर पांढरी-निळसर भुकटी जमलेली, बुरशी चढावी तशी, म्हटलं आज हेही करून टाकू, एअर फिल्टर आणून ठेवलेलाच होता तोही बदलला, मॅट धुतल्या, तासाभरात सगळं झालं. गाडी सावलीत घ्यावी म्हणून चावी फिरवली तर नुसतं टिक-टिक-टिक-टिक. सेल्फ, म्हणजे इंजिनला सुरुवातीला फिरवणारी मोटर, लागेचना. काल संध्याकाळी हीच गाडी अर्ध्या चावीत चालू झाली होती.

पहिला विचार येतो बॅटरी गेली. पण हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, मल्टिमीटर लावला तर १२.६ व्होल्ट. आपली नेहमीची बॅटरी म्हणजे शिशाच्या प्लेटांचे ६ सेल एकापुढे एक जोडलेले, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, त्यामुळे १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज. १२.२ च्या आसपास असती तर निम्मी उतरली असं धरतात. म्हणजे बॅटरी ठणठणीत, लाइट ठणठणीत, आणि तरी गाडी हलत नाही.

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेले, ते आवाज ऐकूनच खाली आले. त्यांनी बॅटरीबद्दल काहीच विचारलं नाही, विचारलं ते एवढंच, "अरे, सकाळपासून हात कुठे कुठे लावलास ते सांग आधी." मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. काल चालणारी गाडी आज आपण काम केल्यावर बंद पडली, तर नेमका आजच एखादा पार्ट आपल्या आपण खराब झाला असण्यापेक्षा आपला हात जिथे लागला तिथेच काहीतरी सैल किंवा अर्धवट राहिलं असण्याची शक्यता कितीतरी जास्त. नवीन बॅटरी आणायला धावायच्या आधी केलेलं काम उलट्या क्रमाने आठवायचं.

आणि कान द्यायचा, कारण गाडी चालू होत नाही या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात. इंजिन नेहमीसारखं गरगर फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरी, सेल्फ, वायरी सगळं ठीक आहे आणि गडबड पेट्रोल, हवा किंवा स्पार्कमध्ये आहे. चावी फिरवल्यावर अगदी शांतता, टिकही नाही, तर करंट सेल्फपर्यंत निघालेलाच नाही. बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, क्लचपाशी एक छोटा स्विच असतो, आणि धुतलेली मॅट घाईत टाकताना तिची कड पेडलखाली दुमडली तर पेडल शेवटपर्यंत जात नाही! इतकी साधी गोष्ट, पण ती बघायला सेकंदभर लागतो म्हणून आधी तीच बघावी. डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, चावी ओळखलेली नाही, चावीच्या प्लास्टिकमध्ये एक छोटी चिप असते आणि चावीच्या भोकाभोवतीची कॉइल तिच्याशी रेडिओलहरींनी बोलते, ती ओळख पटली नाही तर गाडी चालू होत नाही. दुसरी चावी लावून बघायची.

आमचा आजार तिसरा, टिक-टिकवाला, आणि यात विज्ञान खरंच सुंदर आहे.

सेल्फची मोटर खूप करंट मागते. छोट्या पेट्रोल गाडीतही १०० अँपिअरच्या वर सहज जातो, दोन्ही हेडलाइट मिळून मात्र १० च्या आसपासच. आता समजा बॅटरीचा खुंट आणि त्यावर बसणारा वायरीचा क्लॅम्प यांच्यात नीट पकड नाही, आणि तिथे फक्त ०.०४ ओहम रोध तयार झालाय. हा इतका बारीक आकडा आहे की साधा मल्टिमीटर ओहमवर ठेवून तो धड मोजताही येत नाही. शाळेत शिकलेला ओहमचा नियम लावा: व्होल्ट म्हणजे करंट गुणिले रोध. हेडलाइटचे १० अँपिअर त्या जागेतून गेले तर ०.४ व्होल्ट तिथे खर्च झाले, डोळ्याला कळणारही नाही. सेल्फचे १२० अँपिअर जायला लागले की ४.८ व्होल्ट तिथेच संपले, बॅटरीच्या आतल्या रोधात आणखी एखादा व्होल्ट गेला, मोटरच्या वाट्याला साडेसहा-सात उरले. तेवढ्यात इंजिन फिरणार कसं? म्हणून लाइट लागतो म्हणजे बॅटरी आणि वायरी चांगल्या, हा आपल्याकडचा सरसकट समज चुकीचा आहे. लाइट जे मागतो तेवढं मिळतंय इतकंच त्यावरून कळतं. आणि मल्टिमीटर तर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, तो बिचारा १२.६ च दाखवणार.

टिक-टिक का, तर सेल्फवर एक सॉलेनॉइड असतो, म्हणजे कॉइल आणि आत सरकणारा लोखंडी दांडा. चावी फिरवली की कॉइल दांड्याला खेचते, दांडा जाड कॉन्टॅक्ट जोडतो, टक्. त्या क्षणी मोटर करंट ओढायला लागते, त्या सैल जागी व्होल्टेज कोसळतं, कॉइलला दांडा धरून ठेवायलाही जोर उरत नाही, स्प्रिंग त्याला मागे ढकलते. मोटरचा करंट थांबला की व्होल्टेज परत वर, कॉइल परत खेचते, परत टक्. सेकंदाला कितीतरी वेळा हे चक्र फिरतं तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज. बॅटरी उतरलेली असली तरी हाच आवाज येतो, कारण मोटरला मिळणारं व्होल्टेज दोन्हीकडे सारखंच पडतं, म्हणून नुसत्या टिक-टिकवरून बॅटरी बदलू नका.

फरक कसा ओळखायचा ते काकांनी दाखवलं आणि ही टेस्ट मला आजवर माहीत नव्हती. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटाच्या डोक्यावर, दुसरी त्याच खुंटावर बसलेल्या क्लॅम्पवर. दोन्ही पिनांत बोटभरही अंतर नाही. धातूला धातू चिकटलाय, मग तिथे व्होल्टेज शून्यच असायला हवं ना? स्क्रीनवर ०.०० होतं. "आता फिरव चावी," काका म्हणाले. मुलगी आत बसली होती, तिने क्लच दाबून फिरवली, टिक-टिक सुरू झालं आणि आकडे उड्या मारायला लागले, ३.९, ०.२, ४.६, ०.१, ४.४. एकमेकांना टेकलेल्या दोन धातूंच्या मध्ये चार-साडेचार व्होल्ट! मायनसवर तीच टेस्ट केली तर जेमतेम ०.०५. चोर सापडला. चांगल्या जोडात सेल्फ मारताना हा आकडा ०.१ च्या वर जाऊ नये. हीच टेस्ट मायनसच्या खुंटापासून इंजिनच्या धातूपर्यंतही करता येते, कारण इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं आणि त्याची अर्थिंगची पट्टी वेगळी असते, ती गंजली तरी असाच त्रास होतो.

पण मी नट तर पाना फिरेनासा होईपर्यंत आवळला होता. क्लॅम्प काढून पाहिला तेव्हा कारण कळलं. क्लॅम्पला मध्ये एक फट असते, नट आवळला की फट मिटत जाते आणि कडी खुंटाला आवळते. इतक्या वर्षांत खुंट दर वेळी घासून घासून बारीक झालेला, त्या दिवशी मीही पॉलिश पेपरने जोरात घासला, त्यामुळे खुंटाला पकड बसायच्या आधीच फटीच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडल्या. नट घट्ट, पकड सैल. हाताने क्लॅम्प फिरवून बघितला असता तर तो फिरला असता, ती तपासणी मी केलीच नाही. शिवाय कडीच्या आतल्या बाजूला भुकटीचा थर तसाच होता आणि त्यावरून ग्रीसही फासलेलं. ग्रीस वीज वाहून नेत नाही, ते जोड आवळून झाल्यावर वरून लावायचं.

ती भुकटी म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडच्या बारीक तुषारांनी धातूशी केलेली करामत. शिशावर पांढरं लेड सल्फेट होतं आणि वायरीतल्या तांब्याचं होतं मोरचूद. हो, द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाला चुन्याबरोबर वापरतात तेच मोरचूद, म्हणून तो निळसर रंग. खायचा सोडा पाण्यात कालवून ओतला की फसफसतं, ॲसिड मरतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे करताना हातमोजे घाला, शिशाची भुकटी विषारी आहे, आणि ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते, मायनस लागलेला असताना प्लसच्या नटावरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातात. अंगठी, कडं काढून ठेवा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडकू शकतो. आणि एक जुनी सवय कृपा करून सोडा: अल्टरनेटर (चालू इंजिनवर वीज तयार करणारा पार्ट) चार्ज करतोय का बघायला चालू गाडीची बॅटरीची वायर काढणं. बॅटरी त्या सर्किटमध्ये धक्के पचवणाऱ्या उशीसारखी असते, ती अचानक निघाली तर व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळतं आणि ईसीयूसारखे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरसारखे, महाग पार्ट जळू शकतात. सैल क्लॅम्पवर धक्का मारून गाडी चालू करून तशीच दामटली तर हाच धोका, खड्ड्यात क्लॅम्प उचकटला की संपलं.

काकांनी क्लॅम्पची फट कानशीने थोडी मोठी केली, आतून घासून शिसं चमकेपर्यंत साफ केलं, मायनस शेवटी जोडला, दोन्ही क्लॅम्प हाताने फिरवून पाहिले, हलले नाहीत. परत पिना लावल्या. मुलीने चावी फिरवली, सेल्फ एका दमात फिरला, आकडा ०.०६.

इंजिन चालू झालं पण थरथरत होतं, आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो, वर-खाली. एअर फिल्टर बदलताना इनटेकवरच्या सेन्सरचं कनेक्टर काढलं होतं, तो टक् आवाज होईपर्यंत बसवला होता का म्हणून दाबून पाहिला, बसलेला होता. मग ही थरथर कसली? बॅटरी काढल्यामुळे ईसीयूने इतक्या दिवसांत आयडलला किती हवा लागते ते शिकून ठेवलेलं पुसलं गेलं होतं, ते परत शिकायला त्याला थोडा वेळ लागतो. दहा मिनिटं तशीच चालू ठेवली आणि सोसायटीबाहेर एक चक्कर मारून आणली, तोवर इंजिन शांत झालेलं. डॅशबोर्डवरचं घड्याळ मात्र बॅटरी जोडल्यावर पुन्हा १२ पासून सुरू झालेलं, ते १२:२० दाखवत होतं, ते मुलीने लावलं.