मार्झोकी: बोलोन्यातला फोर्कचा कारखाना

आज मार्झोकी या नावाचे दोन मालक आहेत. सायकलचा फोर्क (पुढचं चाक धरून धक्के शोषणारे दोन पाय) अमेरिकन कंपनीचा, मोटारसायकलचा इटालियन. ही वाटणी अलीकडची आहे. त्याआधी दोन्ही कामं एकाच कंपनीची होती.

स्तेफानो आणि गुलिएल्मो मार्झोकी या भावांनी १९४९ मध्ये बोलोन्याच्या परिसरात हा धंदा उभा केला. महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती आणि इटलीत जो तो दुचाकीच्या मागे होता. त्यांचा कारखाना पुढे झोला प्रेडोसाला आला. डुकाटीच्या मोटारसायकली बनतात ते बोर्गो पानिगाले तिथून जवळच. सत्तरच्या दशकातल्या डुकाटी ९०० सुपर स्पोर्टला पुढे मार्झोकीचाच फोर्क होता आणि २०१२ च्या ११९९ पानिगालेच्या मूळ मॉडेललाही.

सायकलला असा धक्के शोषणारा फोर्क लावायचा विचार उशिरा आला. १९८९ मध्ये अमेरिकेत पॉल टर्नर यांनी रॉकशॉक्स ही सायकल फोर्कची कंपनी सुरू केली. तेही मोटोक्रॉसचेच, म्हणजे मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींचे, मेकॅनिक. १९९० मध्ये अमेरिकेतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत माउंटन बाइक जागतिक स्पर्धा झाली. तिथे ग्रेग हर्बोल्डने रॉकशॉक्सच्या फोर्कवर डाउनहिल (उताराची शर्यत) जिंकली आणि फोर्क ही चैन आहे म्हणणारे गप्प झाले. मार्झोकीही त्याच सुमारास सायकलकडे वळली.

तरी नव्वदच्या दशकात बरेच फोर्क रबरासारख्या इलॅस्टोमरच्या ठोकळ्यांवर चालत. वजन कमी, पण थंडीत ते कडक व्हायचे. मार्झोकीच्या १९९७ च्या बॉम्बर झेड-१ या फोर्कने हे बदललं आणि माझ्या मते मार्झोकीचं खरं मोठेपण इथेच आहे. सायकलवाले एकेक ग्रॅम मोजत असताना तिने मोटारसायकलचं आतलं काम जसंच्या तसं उचललं: स्प्रिंग, आणि फोर्कच्या पायात मोकळं खेळणारं भरपूर तेल. फोर्क दबला की ते तेल वर उसळून बुश (नळी ज्यावर सरकते ती कडी) आणि तेल अडवणारे सील ओले ठेवतं. कोरडी नळी घासत नाही, म्हणून दगडगोट्यांवर हालचाल मऊ राहते. देखभालही आपल्या गॅरेजात चालते तशीच: वरची टोपी खोला, काळं पडलेलं तेल ओता, नवं मापाने भरा. फोर्क जड होता, पण उतारावर भरवशाचा. त्याचा भडक नारिंगी रंग तर लांबूनच ओळखू यायचा.

२००८ मध्ये कुटुंबाने सस्पेन्शनचा व्यवसाय टेनेको या अमेरिकन कंपनीला विकला; हायड्रॉलिक पंपांचा मात्र स्वतःकडे ठेवला. सायकलच्या फोर्कचं उत्पादन तैवानला गेलं. रॉकशॉक्स आणि फॉक्स या अमेरिकन स्पर्धक कंपन्या तोवर बऱ्याच पुढे निघून गेल्या होत्या. २०१५ मध्ये टेनेकोने हे काम बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या यंत्रं घडवली गेली, तिथल्या कामगारांना हा घाव जिव्हारी लागणारच होता.

सायकलचा भाग त्याच वर्षी फॉक्सने घेतला. बॉब फॉक्स यांनी १९७४ मध्ये मोटोक्रॉसच्या हवेच्या शॉकपासून सुरू केलेली ही कंपनी, म्हणजे तीही मोटारसायकलमधूनच आलेली. २०१८ मध्ये तिने बॉम्बर झेड-१ पुन्हा बाजारात आणला, ३६ मिलिमीटरच्या नळ्या आणि स्वतःचा ग्रिप डॅम्पर (उसळी आवरणारा भाग) घालून. मोटारसायकलचं काम व्हीआरएम या इटालियन कंपनीकडे गेलं, आणि तिचं ठाणंही झोला प्रेडोसाच.