पोलिसांना सूट, शिक्षकांना नाही: विस्कॉन्सिनच्या 'अ‍ॅक्ट १०'ची पार्श्वभूमी

अमेरिकेत खासगी कारखान्यांतल्या कामगार संघटनांना १९३५च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. राज्य सरकारांचे आणि पालिकांचे कर्मचारी त्यातून मुळातच वगळलेले. त्यांना संघटनेमार्फत पगार आणि कामाच्या अटींवर वाटाघाट करण्याचा हक्क द्यायचा की नाही, हे ज्या त्या राज्याने ठरवायचं. विस्कॉन्सिनने तो पालिका कर्मचाऱ्यांना १९५९मध्ये दिला, देशात सर्वांत आधी. आणि २०११मध्ये जवळजवळ सगळाच काढून घेतला.

नवे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी अर्थसंकल्पी तुटीचं कारण पुढे करून त्यासाठी विधेयक आणलं, तोच पुढे 'अ‍ॅक्ट १०' झाला. आंदोलकांनी राजधानी मॅडिसनच्या विधानभवनात ठाण मांडलं, गणसंख्या भरू नये म्हणून विरोधी पक्षाचे १४ डेमोक्रॅट सिनेटर शेजारच्या इलिनॉय राज्यात निघून गेले. ती मोठी गणसंख्या खर्चाच्या विधेयकालाच लागते, तेव्हा सत्ताधाऱ्यांनी खर्चाच्या तरतुदी गाळून विधेयक मंजूर केलं. मग तुटीचा प्रश्न कितपत खरा होता, हे ज्याचं त्याने ठरवावं.

वाटाघाट उरली फक्त मूळ पगाराची, तीही महागाईच्या दरापुरती. पगारातून संघटनेची वर्गणी कापणं बंद. शिवाय संघटनेच्या मान्यतेसाठी दरवर्षी मतदान, आणि एकूण कर्मचाऱ्यांच्या ५१ टक्के मतांची अट. १०० शिक्षकांपैकी ७० जणांनी मतदान केलं, ५० बाजूने, २० विरोधात, तरी संघटना बाद! न आलेले ३० जण विरोधातच धरायचे.

बहुतेक पोलीस आणि अग्निशमन दलाला यातलं काहीच लागू नव्हतं. मिलवॉकीतल्या त्यांच्या संघटनांनी निवडणुकीत वॉकर यांना पाठिंबा दिला होता. शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी फेडरल कोर्टात याच भेदावर बोट ठेवलं. मार्च २०१२मध्ये न्या. विल्यम कॉनली यांनी वर्गणीबंदी आणि वार्षिक मतदान घटनाबाह्य ठरवलं, बाकी कायदा राखला. जानेवारी २०१३मध्ये अपील न्यायालयाने तेवढाही दिलासा काढून घेतला. सरकारने संघटनेची वर्गणी गोळा करून द्यावी असा घटनेत हक्क नाही, आणि पोलीस कामावरून उठले तर काय, ही भीती भेदाला पुरेशी, असं बहुमत. वर्गणीच्या मुद्द्यावर न्या. डेव्हिड हॅमिल्टन असहमत होते. भेदामागे राजकारण असलं, तरी एखादं पटण्याजोगं कारण दाखवता आलं की फेडरल कोर्ट अशा कायद्याला सहसा हात लावत नाही. संघटनांची अडचण झाली ती इथे.

२०१४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही कायदा उचलून धरला. डिसेंबर २०२४मध्ये मात्र डेन काउंटीच्या (मॅडिसन ज्या जिल्ह्यात येतं त्या) न्यायाधीशांनी, या वेळी विस्कॉन्सिन राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे, त्याच भेदावरून मुख्य तरतुदी रद्द केल्या: विधानभवनाचे पोलीस आणि वन्यजीव-संरक्षणाचे कायदे राबवणारे वॉर्डन सवलतीच्या यादीत का नाहीत? अपील होताच त्या निकालाला स्थगिती मिळाली.