उजनीसाठी जुनी ॲल्युमिनियम कॅटामरान घेताय? व्यवहाराआधी हे कागद बघा

उजनीच्या फुगवट्यावर मासेमारी करणाऱ्या बऱ्याच जणांना आता लाकडी होडीची डागडुजी नको झाली आहे आणि नवी फायबरची बोट परवडत नाही. म्हणून जुन्या ॲल्युमिनियम कॅटामरानची चौकशी सुरू होते. विचार चुकीचा नाही. शेजारी-शेजारी दोन अरुंद हल (बोटीची तरंगती धडं) आणि वर सपाट डेक, त्यामुळे दोन माणसं एकाच बाजूला उभी राहून जाळं ओढू लागली तरी बोट सहसा कलंडत नाही. पाणी कमी असलं तरी चालते. अडचण येते ती व्यवहार झाल्यावर. पैसे देऊन झालेले असतात, बोट दारात ट्रेलरवर उभी असते आणि नोंदणीचा अर्ज त्रुटी काढून परत आलेला असतो. बहुतेक त्रुटी एकाच प्रकारच्या असतात. बोट घेण्याआधी अर्धा दिवस कागदांना दिला असता तर त्या टळल्या असत्या.

पहिला घोळ कार्यालयांचा. मासेमारीचा परवाना माणसाला मिळतो, नोंदणी बोटीची होते आणि पाणी असतं जलसंपदा विभागाचं. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक झाली म्हणजे दुसरी झाली असं होत नाही. परवाना, मच्छीमार संस्थेचं सभासदत्व, योजना यांसाठी सोलापुरातलं सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय. जलाशयात कुठे जायचं आणि भिंतीपासून किती लांब राहायचं यासाठी भीमानगरचं उजनी धरण व्यवस्थापन. बोटीची नोंदणी आणि सर्वेक्षण, म्हणजे अधिकाऱ्याने केलेली बोटीची तपासणी, मात्र महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. आपल्याकडे समुद्र नाही म्हणून हे नाव ऐकून लोक चुकीच्या ठिकाणी आल्यासारखे परत फिरतात. परत फिरू नका. नद्या, खाड्या, जलाशय यांतल्या यांत्रिक बोटीही त्यांच्याच अखत्यारीत येतात. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं तर तोंडी उत्तरावर निघून येऊ नका. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तो नसेल तर तुम्ही आला होतात याला काही पुरावा राहत नाही, आणि पुढच्या टेबलावर पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

कायदा कोणता, हेही माहीत असू द्या. 1917 चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 आला. यात महत्त्वाचा फरक बोटीला यंत्र आहे की नाही, हा आहे. वल्ह्याची होडी वेगळी आणि इंजिन लावलेली बोट वेगळी. काही जण अर्जात इंजिनच दाखवत नाहीत, नोंदणी सोपी जाईल म्हणून, आणि नंतर मागे आउटबोर्ड इंजिन टांगतात. असं करू नका. इंजिन लावलं त्या दिवशी ती यांत्रिक बोट झाली आणि कागदावरची बोट दुसरीच राहिली. अपघात झाला तर विमा कंपनी पहिली हरकत इथेच घेते. बॅटरीवर चालणारी मोटारही यंत्रच आहे.

आता त्या कागदाकडे येऊ, जो जवळजवळ कोणाकडेच नसतो: बोट बांधणाऱ्याचा दाखला. बोट कोणी बांधली, कोणत्या साली, लांबी-रुंदी-खोली किती, पत्रा कोणत्या ग्रेडचा, किती माणसं आणि किती वजन झेपतं, हे बांधणाऱ्याने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेलं असतं. मोठ्या यार्डातून आलेल्या बोटीला तो असतो. पण लहान कॅटामरान बऱ्याचदा एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बांधलेली असते, पहिल्या मालकाने बिल घेतलेलं नसतं आणि तिसऱ्या मालकाला तर बांधणाऱ्याचं नावही माहीत नसतं. विकणारा म्हणतो, ‘आजवर कुणी विचारलं नाही.’ खरं आहे, त्याला कुणी विचारलं नसेल. तुम्हाला विचारतील.

शेड अजून चालू असेल तर दाखला विकणाऱ्याने आणून द्यायचा, तुम्ही नाही, आणि तो हातात येईपर्यंत फक्त इसार द्यायचा. शेड बंद पडली असेल तर बोटीची मोजमापं आणि नकाशे जहाजांची रचना करणाऱ्या जाणकाराकडून नव्याने करून घ्यावे लागतात. हे काम सोलापुरात सहज होत नाही, मुंबई किंवा कोकणातला माणूस बघावा लागतो, त्याच्या येण्या-जाण्याचा खर्चही येतो. तो खर्च बोटीच्या किमतीतून कापून मागा. विकणारा तयार नसेल तर ती बोट सोडून द्या. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली आणि वर्षभर ताडपत्रीखाली पडलेली बोट बघितली की फार वाईट वाटतं, कारण ते पैसे बहुतेक वेळा घरातल्या दागिन्यांचे किंवा सोसायटीच्या कर्जाचे असतात.

दुसरा अडथळा, बोट समुद्रावरून आलेली असणं. विकणाऱ्याकडचा नोंदणी क्रमांक आयएनडी-एमएच असा सुरू होत असेल तर ती समुद्रातली मासेमारी नौका म्हणून नोंदलेली आहे. अशी नोंद जिवंत असेल तोवर ती अंतर्देशीय जलयान धरली जात नाही. म्हणजे तिथली नोंद रद्द झाल्याचा किंवा ना हरकतीचा कागद आधी हवा, मग इथला अर्ज. लोक उलट करतात. इथे अर्ज टाकतात आणि तिकडच्या कागदासाठी विकणाऱ्याला फोन करत बसतात, आणि पैसे मिळाल्यावर विकणारे फोन फारसे उचलत नाहीत. पर्यटनाच्या किंवा पाण्याच्या मोजणीच्या कामातून बाद झालेली बोट असेल तर आणखी एक बघा: नोंदणीवर बँकेचा बोजा आहे का. असेल तर बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला लागतो. सरकारी खात्याच्या लिलावातून घेत असाल तर लिलावाचा विक्री आदेश आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा, तीच तुमची मालकी.

विक्रीचा करारनामा 100 रुपयांच्या स्टँपवर करून आणणारे अजून भेटतात. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात करारनाम्याला किमान 500 रुपयांचं मुद्रांक शुल्क आहे. करारनाम्यात बोटीच्या लांबी-रुंदीबरोबर इंजिनाची कंपनी, अश्वशक्ती आणि अनुक्रमांक लिहा. हा अनुक्रमांक इंजिनावरच्या पट्टीवरून स्वतः वाचून लिहा, बिलावरून उतरवू नका. इंजिन मध्येच बदललेलं असतं आणि बिल जुन्या इंजिनाचं असतं. ही त्रुटी नेहमीची आहे. आधार, पॅन आणि करारनामा यांवर नावाचं स्पेलिंग एकच असावं.

बोट कशी पारखायची तेही इथेच सांगायला हवं, कारण सर्वेक्षणाला येणारा अधिकारी हेच बघणार आहे. कॅटामरानचा जीव दोन हल जोडणाऱ्या आडव्या बीममध्ये असतो. लाटेत एक हल वर जातो, दुसरा खाली, आणि सगळी पिळवटण त्या जोडावर येते. बीम जिथे हलला मिळतो तिथे रंग खरवडून बघा, विजेरी तिरपी धरा, केसाएवढी चीर शोधा. तिथेच ताजा रंग किंवा पुटी दिसली तर का लावली ते विचारा. चिरेवर नुसतं वेल्डिंग ओढलेलं असेल तर शेजारचा पत्रा त्या उष्णतेने मऊ पडलेला असतो आणि पुढची चीर त्याच्या बाजूला जाते. दुरुस्ती आर्गॉन वेल्डिंगचीच हवी, तीही ॲल्युमिनियमवर हात बसलेल्या माणसाकडून.

पत्रा 5083 किंवा 5052 ग्रेडचा असेल तर चांगलं. स्टीलचे नटबोल्ट जिथे थेट ॲल्युमिनियममध्ये बसवलेत तिथे पांढरी पूड आणि खड्डे दिसतात का बघा. समुद्रात वापरलेल्या बोटीत हे हमखास सापडतं. खाली तांब्याचा अंश असलेला रंग लावलेला असेल तर तो ॲल्युमिनियम खातो. पाण्याखाली लावलेले जस्ताचे ॲनोड (स्वतः झिजून पत्रा वाचवणारे धातूचे तुकडे) आपल्या गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत, त्यांच्यावर थर धरतो. उजनीसाठी मॅग्नेशियमचे लावून घ्या. ते फार महाग नाहीत, पण कोणी सांगत नाही म्हणून राहून जातात.

हलच्या आत बऱ्याचदा फोम भरलेला असतो. तो पाणी प्यायलेला असेल तर वरून काहीच कळत नाही. यावर आपल्या जिल्ह्यात सोपा उपाय आहे. साखर कारखाने इतके आहेत की वजनकाटा जवळपास सगळीकडे सापडतो. ट्रेलरसकट बोट काट्यावर चढवा, मग नुसता ट्रेलर, आणि दोन्ही पावत्या घ्या. वजा केल्यावर आलेलं वजन बांधणाऱ्याच्या दाखल्यातल्या वजनापेक्षा बरंच जास्त असेल तर आत पाणी आहे किंवा कोणीतरी पत्र्यावर पत्रा मारला आहे. या पावत्या अर्जाला जोडायची गरज नाही, पण किंमत ठरवताना समोर ठेवा.

अरुंद हलची बोट वजनाला नाजूक असते हेही ध्यानात घ्या. रिकामी असताना छान तरंगते. जाळी, बर्फाची पेटी, कॅरेट आणि तीन माणसं चढली की अचानक खाली बसते आणि डेकच्या तळाला लाटा आपटू लागतात. विकणाऱ्याला भरलेली चालवून दाखवायला सांगा.

ट्रेलरचा कागद वेगळा. रस्त्यावर वाहनाची रुंदी 2.6 मीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि कॅटामरान मुळातच रुंद असते. कोकणातून किंवा गोव्यातून आणणार असाल तर मोजून घ्या, नाहीतर वाटेत अडकाल. काही बोटींचे हल आणि बीम नटबोल्टने सुटे होतात. त्या ट्रकमध्ये येतात.

अनुदानाबद्दल स्पष्ट सांगतो, कारण यात लोकांची फार निराशा होते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना 60 टक्के अनुदान आहे. पण ते नव्या बोटीचं आहे. जुन्या बोटीचं विक्रीपत्र लावून केलेला प्रस्ताव मंजूर होत नाही, कोणी एजंट ‘करून देतो’ म्हणाला तरी नाही. उलट तुम्ही घेत असलेली बोटच पहिल्या मालकाने अनुदानावर घेतलेली असू शकते. अशी बोट विकायची नाही असं हमीपत्र त्याने दिलेलं असतं, त्याची मुदत संपली का ते खात्याकडून लेखी घ्या. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं आणि तारणाशिवाय 2 लाखांपर्यंत मिळतं. ते जाळी, बर्फ, इंधन, मजुरी अशा चालू खर्चासाठी आहे. बोट खरेदीसाठी मागितलं की अर्ज अडकतो. मच्छीमारांच्या समूह अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 5 लाख मिळतात आणि हप्ता सरकार भरतं. त्यासाठी बोट नवी की जुनी याचा संबंध नाही, नाव नोंदलेलं हवं. संस्थेच्या यादीत आपलं आणि बरोबर येणाऱ्या गड्याचंही नाव आहे का, हे आजच बघा.

बोटीचा वापर कशासाठी, या रकान्यात ‘मासेमारी’ लिहिलं की तिच्यावरून प्रवासी न्यायचे नाहीत. पाहुणे, भाविक, पलीकडच्या गावचा बाजार, सगळे गळ घालतात आणि नाही म्हणणं जड जातं. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. मे महिन्यातला दुपारनंतरचा वारा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कॅटामरान स्थिर असते, पण एकदा पूर्ण उलटली की ती तशीच पालथी राहते, हाताने सरळ होत नाही. जेवढी माणसं तेवढी लाइफ जॅकेटं, आणि ती अंगावर. डब्यात बांधून ठेवलेली सर्वेक्षणाला चालतात, पाण्यात नाही.

तारखांमध्ये दोन ठिकाणी चूक होते. नोंदणी प्रमाणपत्र आणि सर्वेक्षण प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. विकणारा नोंदणीची तारीख दाखवून ‘अजून चालू आहे’ म्हणतो, पण सर्वेक्षण संपून गेलेलं असतं. संपलेल्या सर्वेक्षणावर बोट पाण्यात घालता येत नाही. दुसरं, मत्स्यव्यवसाय विभागाचं मासेमारीचं वर्ष 1 जुलै ते 30 जून. मार्चमध्ये परवाना काढलेला माणूस पुढच्या मार्चपर्यंत निवांत राहतो आणि जुलैत पकडला जातो. वर्ष मोजू नका, परवान्यावर छापलेली अखेरची तारीख वाचा. नूतनीकरणाचा अर्ज मे महिन्यातच टाका, जूनच्या शेवटच्या आठवड्यात टेबलावर ढीग असतो आणि साहेब दौऱ्यावर.

सर्वेक्षणासाठी बोट कोरडी उभी असताना बघतात आणि पाण्यातही चालवून बघतात. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मैल-मैल मागे जातं, काठावर काळा गाळ राहतो आणि ट्रेलर चाकांपर्यंत रुततो. बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांचे बुंधेही तेव्हाच वर येतात. पातळ पत्र्याच्या हलला त्याच्यावरची एक घासण पुरते. सर्वेक्षणाची तारीख दिवाळीनंतर, पाणी भरलेलं असताना मागा. अर्जातच तसं लिहा आणि बोट कोणत्या गावच्या काठावर, कोणत्या घाटाला उभी असेल ते नावासकट द्या. नुसतं ‘उजनी जलाशय’ लिहिलं तर अधिकारी भीमानगरला येऊन थांबतात आणि बोट असते लांब फुगवट्यावरच्या केत्तूरला.