क्रूझ कंट्रोल आणि मोटरहोम: एका जुन्या गोष्टीचा खुलासा

अमेरिकेत एका बाईंनी विनेबागो कंपनीची ३२ फुटी नवी मोटरहोम, म्हणजे आत राहायची व स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, घेतली, महामार्गावर ताशी ७० मैलांवर क्रूझ कंट्रोल लावला आणि त्या उठून मागे खायला करायला गेल्या. गाडी उलटल्यावर ‘असे करू नये हे माहितीपुस्तिकेत नव्हते’ असा दावा लावून त्यांनी १७,५०,००० डॉलर आणि नवी गाडी मिळवली, ही गोष्ट गेली वीसेक वर्षे ईमेलमधून फिरत आहे. असा खटला झालेलाच नाही.

तो क्रूझ कंट्रोल फक्त वेग कायम राखतो, स्टिअरिंग सांभाळत नाही. ७० मैलांच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ३१ मीटर जाते, आणि उंच, सपाट बाजूंवर वारा आदळत असल्याने स्टिअरिंग सतत सावरावे लागते.

या गोष्टीमुळे नवशिक्यांचे लक्ष भलतीकडे जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. खरी काळजी मागच्या चाकांपलीकडे लोंबणाऱ्या भागाची घ्यायची असते, कारण गाडी उजवीकडे वळू लागली की हा भाग डावीकडे फेकला जातो. रिकाम्या पार्किंगमध्ये गाडीच्या कडेला समांतर खडूची रेघ ओढावी, स्टिअरिंग रेघेपासून दूर पूर्ण फिरवून सावकाश पुढे जावे आणि मागचा कोपरा रेघेबाहेर किती येतो ते दुसऱ्याने उभे राहून मोजावे. तेवढी जागा प्रत्येक वळणापूर्वी आरशात तपासायची आहे. पेट्रोल पंपावरच्या खांबाजवळून निघताना तर आधी सरळ पुढे जाऊन मगच वळावे.