सीपीयू प्रोफाइल रिकामी का येते?

गो भाषेत लिहिलेला प्रोग्राम मंद चालत असेल, तर सीपीयूचा वेळ कुठे जातोय हे सांगणारी प्रोफाइल काढता येते. त्यासाठी कोडमध्ये जेमतेम चार ओळी टाकाव्या लागतात. पण कधी कधी प्रोग्राम सुरळीत संपतो, एररही येत नाही, आणि फाइल उघडावी तर आत काहीच नाही. मग तोच प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवून बघण्यात वेळ जातो. त्याऐवजी आधी फाइलचा आकार बघावा. निम्मं निदान तिथेच होतं.

आकार 0 बाइट असेल, तर प्रोफाइल फाइलपर्यंत पोचलेलीच नाही. गोचा रनटाइम (प्रोग्रामसोबत चालणारी गोची अंतर्गत यंत्रणा) कोणतं फंक्शन चालू आहे याचे नमुने गोळा करून मेमरीत ठेवतो आणि स्टॉपसीपीयूप्रोफाइल हे फंक्शन चाललं की मगच ते फाइलमध्ये लिहितो. हे फंक्शन आपण बहुधा डीफर करून ठेवतो, म्हणजे मेन हे प्रोग्रामचं मुख्य फंक्शन संपताना ते आपोआप चालावं. पण ओएस डॉट एक्झिट आलं की प्रोग्राम जागच्या जागी संपतो, डीफर केलेलं काहीच चालत नाही. लॉग डॉट फेटल शेवटी तेच एक्झिट बोलावतं. नावावरून ते नुसतं नोंद करणारं वाटतं, म्हणून माझ्या मते ते जास्त फसवं. कंट्रोल-सी दाबून सर्व्हर बंद केला, किंवा दुसऱ्याच गोरूटीनमध्ये (समांतर चालणाऱ्या कामात) पॅनिक होऊन प्रोग्राम कोसळला, तरी मेनमधले डीफर तसेच राहतात.

यावरचा उपाय सोपा आहे. सगळं काम एका वेगळ्या फंक्शनमध्ये हलवायचं, डीफर तिथेच ठेवायचे, त्या फंक्शनने एरर परत द्यायची आणि एक्झिट फक्त मेनने करायचं. सर्व्हर असेल तर कंट्रोल-सीचा सिग्नल पकडून नीट बंद होण्याची सोय करावी. किल -9, म्हणजे प्रोग्राम सक्तीने मारणारी आज्ञा, मात्र कुणालाच पकडता येत नाही.

दुसऱ्या प्रकारात फाइलला थोडा आकार असतो, ती पीप्रॉफ या प्रोफाइल बघायच्या साधनात उघडतेही, पण वर लिहिलेलं असतं: टोटल सॅम्पल्स = 0. इथे यंत्रणा कशी चालते हे कळायला हवं. प्रोफाइलर प्रत्येक फंक्शनचा वेळ मोजत नाही. वर्गात मधूनमधून डोकावून फळ्यापाशी कोण आहे एवढंच टिपून घ्यावं, तसं तो करतो. प्रोग्रामने सीपीयूचा 10 मिलिसेकंद वेळ खर्च केला की ऑपरेटिंग सिस्टिम सिगप्रॉफ नावाचा सिग्नल पाठवते आणि त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांची साखळी नोंदली जाते. म्हणजे सीपीयूच्या एका सेकंदाला सुमारे 100 नोंदी. 3 मिलिसेकंदांत आटोपणाऱ्या प्रोग्रामची एकही नोंद न होणं यात नवल नाही.

ही मोजणी घड्याळाच्या वेळाची नाही, सीपीयूच्या वेळाची आहे. डेटाबेसच्या उत्तराची 30 सेकंद वाट बघणारा प्रोग्राम तेवढा वेळ सीपीयू जवळपास वापरतच नाही. त्याची रिकामी प्रोफाइल खरी असते, तिला बिघाड समजू नये. अशा वेळी प्रोग्राम कुठे वाट बघत थांबतो हे दाखवणारी एक्झिक्युशन ट्रेस किंवा ब्लॉक प्रोफाइल काढावी.

एक चूक मात्र डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. कोड नीटनेटका व्हावा म्हणून प्रोफाइल सुरू करणं आणि डीफर करून थांबवणं, दोन्ही एका छोट्या सेटअप फंक्शनमध्ये टाकलं जातं. डीफर ज्या फंक्शनमध्ये लिहिला, ते संपताच चालतो. म्हणजे सेटअपमधून बाहेर पडताक्षणीच प्रोफाइल बंद, खरं काम सुरू व्हायच्या आधीच. फाइल बंद करण्याचा डीफर तेवढा सेटअपमध्ये राहिला आणि प्रोफाइल थांबवणं मेनमध्ये, तर बंद फाइलवर लिहायचा प्रयत्न होतो आणि पुन्हा 0 बाइट. स्टॉपसीपीयूप्रोफाइल एरर परतच देत नाही, त्यामुळे पत्ता लागत नाही. स्टार्टसीपीयूप्रोफाइल मात्र देतं. आधीच एखादी प्रोफाइल चालू असेल तर ते तसं सांगतं, म्हणून ती एरर तपासायलाच हवी.

गो कोड सी-शेअर्ड लायब्ररी म्हणून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने वापरायची लायब्ररी म्हणून बांधला असेल, तर युनिक्ससारख्या सिस्टिमवर सिगप्रॉफ त्या मुख्य प्रोग्रामच्या हँडलरकडे (सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनकडे) जातो, गोकडे नाही. तिथे सीपीयू प्रोफाइल मुळात चालतच नाही, सिग्नलची वेगळी व्यवस्था करावी लागते.

एवढं करूनही शंका उरली, तर प्रोफाइल चालू असताना दोन सेकंद नुसते हॅश काढत राहणारा लूप घालून बघावा. टोटल सॅम्पल्सपुढे दोन सेकंदांच्या आसपासचा वेळ दिसला, तर प्रोफाइलर ठीक आहे आणि मूळ प्रोग्रामचा वेळ सीपीयूबाहेर कुठेतरी जातोय.