जबड्याच्या सांध्याचे विकार आणि दातांची विषम बैठक

कानाच्या लगेच पुढे, कानशिलाचे हाड व खालचा जबडा यांमध्ये असलेल्या सांध्याच्या आणि तो हलविणाऱ्या चर्वणस्नायूंच्या दुखण्यांना व बिघाडांना एकत्रितपणे जबड्याच्या सांध्याचे विकार म्हणतात. तोंड मिटल्यावर वरचे व खालचे दात एकमेकांवर नीट न बसणे ही दातांची विषम बैठक होय. पहिली बाब वेदनेची व हालचालीची, तर दुसरी रचनेची असून, दोन्ही एकाच व्यक्तीत आढळल्या तरी एकीमुळे दुसरी उद्‌भवली असे तेवढ्यावरून ठरत नाही.

हा सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि पुढे घसरतोही. त्यातील तंतुमय चकती जागेवरून पुढे सरकली असेल, तर तोंड उघडताना ती पुन्हा जागेवर येते तेव्हा ‘कट्’ असा आवाज होतो. ती जागेवर येईनाशी झाली, की तोंड पुरेसे उघडत नाही. प्रौढाचे तोंड पटाशीच्या दातांच्या कडांमध्ये मोजल्यास साधारणतः ४० ते ५० मिमी. उघडते. वेदना वा अडथळा नसलेल्या नुसत्या आवाजाला उपचारांची गरज सहसा नसते.

विषम बैठकीचे प्रचलित वर्गीकरण अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये मांडले. त्यात वरच्या व खालच्या पहिल्या कायमच्या दाढांचा परस्परसंबंध पाहून तीन वर्ग केले जातात. सांध्याच्या स्थितीचा किंवा वेदनेचा त्यात विचार नाही.

दोहोंची सांगड पक्की होण्यास सेंट लुइस येथील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांचा १९३४ मधील लेख मुख्यतः कारणीभूत झाला, असे मानले जाते. मागच्या दाढा गेल्याने जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, त्याचे सांध्यातील टोक मागे सरकून कानाजवळच्या नसांवर व इतर भागांवर दाब देते आणि त्यामुळे कानदुखी, बहिरेपणा व चक्कर उद्‌भवते, अशी त्यांची उपपत्ती होती. तिचा आधार अवघे ११ रुग्ण होते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिखर यांनी असा दाब रचनेच्या दृष्टीने संभवत नसल्याचे दाखविले. तरीही दातांची बैठक हेच मूळ कारण, ही समजूत दंतवैद्यकात दीर्घकाळ टिकली. अमेरिकन मुखशल्यचिकित्सक डॅनियल लास्किन यांनी १९६९ मध्ये मानसिक ताण, दात आवळणे व स्नायूंचा थकवा यांवर भर दिला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुलिंजर व सहकाऱ्यांच्या विश्लेषणात पुढच्या दातांमधील उघडी फट, एका बाजूचा उलटा चावा (त्या बाजूचे वरचे दात खालच्या दातांच्या आत बसणे), मागचे पाच वा अधिक दात नसणे अशा मोजक्याच लक्षणांचा काहीसा संबंध दिसला. तोही कारणाचा की परिणामाचा, हा प्रश्न उरतोच. कारण संधिवाताने सांध्याचे टोक झिजले, की जबडा मागे फिरून पुढचे दात मिटेनासे होतात. येथे सांधा आधी बिघडतो आणि बैठक त्यामागून. एकंदर पुरावा पाहता अनेक कारणांचे मत अधिक ग्राह्य वाटते. १९९२ मध्ये ठरलेल्या व २०१४ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांतही निदान वेदना, हालचाल व आवाज यांवरून केले जाते, दातांच्या वर्गावरून नव्हे.

या भेदाला व्यवहारात फार महत्त्व आहे. तारा लावून दात सरळ करणे हा विषम बैठकीचा उपचार असून, केवळ सांधेदुखी बरी व्हावी म्हणून तो करणे किंवा निरोगी दात घासून बैठक बदलणे समर्थनीय ठरलेले नाही. घासलेला दात पूर्ववत होत नाही. म्हणून मऊ आहार, शेक, जबड्याचे व्यायाम, वेदनाशामके, झोपेत दात खाण्याची सवय असल्यास रात्री दातांवर बसवायची पट्टी, असे मागे घेता येण्याजोगे उपाय आधी योजतात.

तोंड कमी उघडण्याची इतर कारणेही वगळावी लागतात. धनुर्वातातील दातखीळ हा निराळा व गंभीर विकार आहे. सुपारी व गुटखा खाणाऱ्यांत गालाचे अस्तर तंतुमय व ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. ही अवस्था कर्करोगपूर्व असल्याने, अशा रुग्णाच्या सांध्यावरच उपचार करीत राहणे घातक ठरू शकते.